बंदरावरची कुलपं

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. सासर बंदरावर! तिथं आगबोटी येतात, धक्क्यावर उतारूंची झुंबड उडते, घरांना रंगीत काचांच्या खिडक्या असतात आणि मुंबईचं सामान साताऱ्याच्या आधी तिथं मिळतं, असं सगळं त्या एकमेकींना सांगत होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. शिराळ्याच्या बाजूच्या आमच्या त्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, माझे वडील. तरणे होते तेव्हा ते गुळाच्या गाड्या घेऊन कराडवरून कुंभार्ली घाट उतरत आणि चिपळुणाला माल पडावात चढवून खाडीनं खाली बंदरावर पोचवत. तिथल्या ज्या वखारीत तो गूळ उतरायचा, त्या वखारवाल्यांचा मुलगा मला सांगून आला.

सासरची माणसंही मूळची आमच्याकडचीच. मेढ्याकडच्या डोंगरातलं त्यांचं गाव. आजेसासरे पोटासाठी खाली उतरले, बंदरावर अडत घातली आणि तिथलेच झाले. पण घरात बोलणं घाटावरचं, जेवणात भाकरी ज्वारीचीच, आणि सून आणायची ती घाटावरूनच. मुलगा पलटणीत होता. महायुद्ध सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्याला लग्नापुरती रजा मिळाली. हळद उतरायच्या आत तो परत गेला, आणि मी सासूसासऱ्यांबरोबर सासरच्या वाटेला लागले.

कराडहून निघालेली मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी होती, कारण पेट्रोल सगळं लढाईवर. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. चिपळुणाच्या खाली आम्ही पडावात बसलो. भरती उतरत होती तसा पडाव चालला होता. खाडी रुंद होत गेली, खारा वास आला आणि एका वळणावर सासरे म्हणाले, "त्ये बघ पोरी, आपलं बंदर."

लांबून ते छानच दिसलं. नारळींच्या मधून लाल कौलं, पुढं दगडी धक्का, धक्क्यावर लाकडी खांबांची उतारूशाळा. जवळ गेलो तशी एकेक गोष्ट दिसायला लागली. उतारूशाळेच्या छपराला एका अंगानं भगदाड पडलं होतं. धक्क्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता, त्याच्याशिवाय चिटपाखरू नाही. बाजारपेठेच्या रस्त्यानं आम्ही घराकडे चाललो, तर दोन्ही बाजूंच्या दुकानांना फळ्या लावलेल्या आणि फळ्यांना कुलपं. मला वाटलं, आज बाजार बंद असेल. मी सासूबाईंना, आमच्याकडं म्हणतात तसं आत्याबाईंना, हळूच विचारलं, "आज काय हाय? कुनी गेलं का?"

आत्याबाई म्हणाल्या, "सगळीच गेली."

तेव्हा मला कळलं की वडिलांनी सांगितलेलं बंदर त्यांच्या तरुणपणातलं होतं. गूळ, मिरची, तंबाखू आता रेल्वेनं आणि मोटारींनी परस्पर जात होती. तरी आगबोट होती तोवर गाव कसंबसं चालू होतं. उतारू येत, खाणावळी चालत, हमाल, पडाववाले, फुलवाले सगळ्यांचं भागे. लढाई आली आणि सरकारनं आगबोटी नेल्या. मग पेठेतली घरं एकामागून एक मुंबईला नाहीतर घाटावर निघून गेली. उरला तो खाडीच्या तोंडाजवळचा कोळीवाडा, देवळाजवळची थोडी घरं आणि पेठेत आम्ही.

आमच्या घरात शिरल्यावर मी पहिली गोष्ट पाहिली ती माजघरातली भिंत. भिंतीला ओळीनं खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळ्याला किल्ली. लहान, मोठ्या, पितळी, लोखंडी. आत्याबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक किल्लीला त्यांनी खूण बांधली होती. एकीला शिंपला, एकीला निळा मणी, एकीला जरीच्या काठाची चिंधी. गाव सोडून जाणारं प्रत्येक घर जाताना आमच्या ओट्यावर थांबायचं आणि म्हणायचं, वहिनी, जरा लक्ष ठेवा. आत्याबाईंनी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचसहा किल्ल्या पदराला बांधल्या, केरसुणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चल, फेरी मारून येऊ."

ती फेरी मग माझ्या आयुष्याचा भाग झाली. सकाळची कामं उरकली की आम्ही दोघी निघायचो. कुलूप उघडायचं, दारंखिडक्या सताड उघडायच्या, केर काढायचा, गळतंय का बघायचं, चुलीत चार काटक्या पेटवायच्या. मी विचारलं, "चूल कशाला पेटवायची? रांधायचं तर काय न्हाई."

"घराला धुराची सवय आसती," आत्याबाई म्हणाल्या. "धूर बंद झाला की वाळवी चढती."

जाणाऱ्यांनी सांगितलेली कामंही वेगवेगळी होती. एकानं सांगितलं होतं, आमच्या घड्याळाला चावी देत जा. एका घरी देवघरात पणती लावायची. आगबोटीच्या एजंटाच्या दुमजली घरात पितळी कड्यांचा झोपाळा होता. एजंटाच्या बायकोनं डोळे पुसत पुसत सांगितलं होतं की कड्या गंजतील, अधूनमधून झोका देत जा. आत्याबाईंनी ते शब्दशः घेतलं होतं. त्या झोपाळ्यावर बसायच्या, मला शेजारी बसवायच्या आणि पायानं रेटा द्यायच्या. रंगीत काचांतून ऊन यायचं, आत्याबाईंच्या पांढऱ्या केसांवर एकदा तांबडं, एकदा हिरवं पडायचं. त्या रिकाम्या दिवाणखान्यात आम्ही सासूसुना काहीएक न बोलता झुलत बसायचो. घरच्या कामात मी इतका वेळ बसले असते तर बोलणी खाल्ली असती, पण इथं झुलणं हेच काम होतं.

एकदा एका घराचं दार उघडलं तर उंबऱ्यात आडवं जनावर. आत्याबाई किंचाळून मागं सरल्या. मी वाकून पाहिलं. नागपंचमीला आमच्या शिराळ्यात काय काय बघितलेलं असतं, त्यामुळं मला त्याचं भय नव्हतं. मी म्हटलं, "धामन हाय, आत्याबाई. जाऊ द्या तिला, उंदरं खाईल." आणि केरसुणीच्या दांड्यानं तिला वाट करून दिली. आत्याबाई रस्त्यात उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून अंधाऱ्या खोल्यांत पुढं मी आणि मागं त्या, असं ठरून गेलं.

पण घरं दोन बायकांच्या झाडलोटीवर थोडीच तगतात. एखादं कौल सरकायचं, ते चढवायला माणूस मिळायचा नाही. त्यातून पाणी भिंतीत उतरायचं, भिंत फुगायची, आणि एका रात्रीच्या पावसात धाडकन आवाज यायचा. सकाळी जाऊन बघावं तर पाठची पडवी बसलेली. आत्याबाई त्या घराची किल्ली खिळ्यावरून काढायच्या नाहीत. आत शिरायला दार लागत नव्हतं, तरी किल्ली तिथंच.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वागणं निराळं. ते ताठ, उंच, पांढऱ्या मिशांचे. सकाळी फेटा बांधून वखारीत जाऊन बसायचे. वखारीत गुळाच्या काही जुन्या ढेपा होत्या, त्याही दमट हवेनं पाझरत होत्या. मुंग्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत. गिऱ्हाईक नव्हतंच. दुपारी ते जेवायला यायचे, झोपायचे, आणि परत वखारीत. घरं, किल्ल्या, गळती याबद्दल ते अक्षर काढायचे नाहीत. मला वाटायचं, यांना कशाचंच काही वाटत नाही.

असे दोन पावसाळे गेले. नवऱ्याच्या खुशालीचं पत्र कधीमधी यायचं, देवळातला गुरव ते वाचून दाखवायचा. घरात मी, आत्याबाई, मामंजी. आवाज म्हणाल तर समुद्राचा आणि वाऱ्यावर आपटणाऱ्या कुठल्यातरी खिडकीचा. माहेरी गुऱ्हाळं लागली असतील, चुलवणाभोवती पोरंटोरं गोळा झाली असतील, असं मनात आलं की मी विहिरीवर जाऊन उगीच एक घागर जास्तीची ओढायची. विहिरीवर चार रहाट होते. चारांतला एकच फिरायचा, माझा.

तिसऱ्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर, पाऊस केव्हाच संपला असताना, अवचित वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं, नारळी जमिनीला टेकायला लागल्या. आगबोट नसल्यामुळं लोक आता शिडाच्या मचव्यांनी मुंबईला जात, दाटीवाटीनं बसून. तसा एक मचवा, दिवाळी करून परत निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेला, आमच्या खाडीच्या तोंडाशी डोलकाठी मोडून भरकटत आला. कोळीवाड्यातल्या माणसांनी होड्या घातल्या. कशा घातल्या देव जाणे. आम्ही धक्क्यावर उभ्या होतो तर तोंडावर येणारं पाणी पावसाचं की समुद्राचं, कळत नव्हतं. एकेक होडी माणसं घेऊन येत होती. बायका, तान्ही पोरं, म्हाताऱ्या. सगळी जिवंत निघाली, पण गारठून निळी पडलेली. पन्नासेक तरी माणसं असतील.

कोळणींनी जमतील तेवढी आपल्या झोपड्यांत नेली. बाकीची उतारूशाळेत शिरायला लागली, तर त्या भगदाडातून पाणी धो धो ओतत होतं. आत्याबाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि माझा हात धरला. "घरला जा. किल्ल्या आन समद्या."

मी घरात गेले, मागोमाग मामंजी आले. मी किल्ल्या ओच्यात भरताना बघून त्यांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. तोवर आत्याबाईही येऊन पोचल्या, तसे ते त्यांना म्हणाले,

"अगं, दुसऱ्याची घरं हायेत ती. इस्वासानं चाव्या दिल्यात आपल्याजवळ."

"इस्वासानं दिल्यात म्हनूनच उघडती," आत्याबाई म्हणाल्या. "ती घरात आसती तर त्यांनी दार लावून घेतलं आसतं का?"

मामंजींनी डोक्यावर पोतं घेतलं आणि ते वखारीकडे गेले. जरा वेळानं बघते तर गुळाची ढेप खांद्यावर घेऊन परत येत होते.

त्या संध्याकाळी आम्ही शाबूत असलेलं एकेक घर उघडलं. एजंटाच्या दिवाणखान्यात बायकापोरं, घड्याळाच्या घरात म्हातारी माणसं, पणतीच्या घरात एक नवराबायको आणि त्यांची तापानं फणफणलेली मुलगी. लाकडं सगळी ओली. कुणी काय जाळलं, आम्ही विचारलं नाही. माहेराहून आलेली ज्वारी होती, घरात नाचणी होती, कुळीथ होते. रेशनच्या दिवसांत तांदूळ कुठला! मोठ्या पातेल्यात आंबील केली, त्यात गूळ घातला. कोळीवाड्यातून सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी, आलं. ज्यांना चालत होतं त्यांनी ते खाल्लं, ज्यांना चालत नव्हतं त्यांनी तोंड फिरवून कुळथाचं पिठलं खाल्लं.

वारा पडला तरी समुद्र लवकर निवळला नाही, मचव्याची डागडुजी व्हायची होती, त्यामुळं ती माणसं तीनचार दिवस राहिली. आणि त्या तीनचार दिवसांत मी ते बंदर पाहिलं, जे वडिलांनी पाहिलं होतं. पेठेतल्या कौलांमधून धूर निघत होता. दोऱ्यांवर लुगडी वाळत होती. पोरं या ओट्यावरून त्या ओट्यावर उड्या मारत होती, कुणीतरी झोपाळ्यावर इतक्या जोरानं झोके घेत होतं की कड्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. एका सकाळी मी घागर घेऊन विहिरीवर गेले तर चारही रहाट चालू आणि वर पाच-सहा बायका पाळी धरून उभ्या. एक ठसकेबाज बाई मला म्हणाली, "ओ बाई, मागं उभ्या राहा, नंतर आलात तुम्ही." मी माझ्याच विहिरीवर मागं उभी राहिले. एकीनं दुसरीची घागर लवंडली, त्यावरून भांडण लागलं, मग सगळ्याच हसत सुटल्या आणि मीही.

मचवा गेला त्या दिवशी सगळे आत्याबाईंच्या पाया पडले. ज्या त्या बाईनं आपण राहिलेलं घर झाडून, सारवून दिलं होतं. आम्ही धक्क्यावरून परत आलो, कुलपं लावत लावत. शेवटचं कुलूप लावून आत्याबाई पायरीवर बसल्या. मला वाटलं दमल्या असतील.

"तू हसत हुतीस हिरीवर," त्या म्हणाल्या. "मी मागच्या दारातनं बघितलं. हितं आल्यापास्नं पयल्यांदा हसलीस तू, पोरी."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यानंतर त्या मला कधी 'सूनबाई' म्हणाल्या नाहीत, 'पोरी'च म्हणत राहिल्या.

होळीच्या सुमाराला आगबोटीचा एजंट आला. बरोबर एक ठेकेदार. एजंट जाडजूड, काळी टोपी, घामानं डबडबलेला. घर उघडून आत गेला आणि थोड्याच वेळात आमच्या ओट्यावर आला.

"वहिनी, माझ्या घरात कोण राहिलं होतं? माडीवरची फळ्यांची मांडणी कुठं गेली? भिंतीला काजळी धरलीय!"

आत्याबाईंनी झालं ते सांगितलं. मचवा, वादळ, पोरं.

"पण कुणाच्या परवानगीनं?"

"कुनाला इचारणार? तुमी ममईत. समुद्रातनं पोरं वर काढली हुती भाऊजी, ती काय रस्त्यावर ठेवायची?"

"तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. धर्मशाळा काढायला नाही."

आत्याबाई उठल्या, आत गेल्या, निळ्या मण्याची किल्ली खिळ्यावरून काढून आणली आणि त्याच्यापुढे ओट्यावर ठेवली. एजंटानं किल्ली उचलली. मला वाटलं, पोरांचं ऐकून तो थोडा तरी नरमेल. नरमला नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी घर उतरवायला घेतलं.

उतरवणं हाच शब्द तिथं होता. लढाईमुळं लाकूड आणि लोखंड मिळेनासं झालं होतं, आणि त्या घरांत जुना साग होता. आधी कौलं उतरली, मग वासे, मग तुळया, मग दारंखिडक्या चौकटींसकट. रंगीत काचा गवतात गुंडाळून खोक्यात गेल्या. झोपाळा गेला. खिळेसुद्धा सरळ करून डब्यात भरले. सगळं पडावात चढलं आणि भरतीबरोबर चिपळुणाकडे निघून गेलं. मागं राहिलं फक्त जांभ्या दगडाचं जोतं आणि चार पायऱ्या, कुठंच न नेणाऱ्या.

ही बातमी मुंबईत पसरली असणार. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात एकेक मालक येत गेला. काही गोड बोलायचे, काही आत्याबाईंसाठी मुंबईहून बिस्किटं नाहीतर खण आणायचे. किल्ली मागायचे, ठेकेदाराला घर दाखवायचे. पेठ नारळींच्या दाट रांगेसारखी होती, ती म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी विरळ होत गेली. पाडायची माणसं उन्हात राबायची. आत्याबाई त्यांना ताक नेऊन द्यायच्या आणि तिथंच उभ्या राहून बघायच्या. मी म्हणायची, चला घरी, कशाला बघता. तर म्हणायच्या, "कुनीतरी बघाया नको का?"

एकदा जेवताना त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "मी त्ये घर उघडलं न्हवतं पायजे," त्या म्हणाल्या. "तितनं सुरू झालं समदं."

मामंजींनी ताटातून मान वर केली. "येडी का खुळी! लाकूड म्हागलंय, म्हनून पाडत्यात. तू उघडलं नसतंस तरी पाडलीच आसती. उलट जाताजाता घरात चार दीस पोरं तर खेळली." आणि मग मला म्हणाले, "वाढ तिला आमटी. गार झाली."

हे त्यांचं बोलणं ऐकून मी मनात म्हटलं, या माणसाला आपण ओळखलंच नव्हतं.

लढाई संपली. पुढं बऱ्याच महिन्यांनी, एका दुपारी, मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. रेशनचा तांदूळ, त्यात खडेच जास्त. धक्क्याच्या बाजूनं एक फौजी येताना दिसला. खाकी कपडे, खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. चाल ओळखीची वाटली. चेहरा पाहिला आणि माझ्या हातातलं सूप खाली आलं. लग्नात पाहिला होता त्याहून काळा, रापलेला, पण तोच. मी उठून उभी राहिले. आणि हे काय! हा माणूस सरळ माझ्या पुढून चालत गेला. घराकडे पाहिलंही नाही. पुढं जाऊन डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, परत चालायला लागतो.

नंतर मला कळलं. लहानपणापासून त्यांची खूण ठरलेली होती, एजंटाच्या दुमजली घरापासून तिसरं आपलं. ते दुमजली घर दिसेपर्यंत चालायचं, असं पायांनाच माहीत. आता ते घरच नव्हतं, शेजारची दोन्ही नव्हती. एका उघड्या जागेत एकटं उभं असलेलं घर आपलं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

नाव घेऊन हाक मारायची सोय नव्हती. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, तेही भर रस्त्यात! मी "आवं!" म्हणून ओरडले. ते ऐकून वळले नाहीत, रस्त्यावरचं कुणीही 'आवं' असू शकतं. आत्याबाई मागल्या दारी, मामंजी वखारीत. माणूस तर चाललाच आहे लांब. शेवटी मी पदर खोचला आणि ओटा उतरून पळत सुटले.

"आवं! आवं पलटणवाले! घर मागं राहिलं की!"

ते थांबले. वळले. माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या एकट्या घराकडे पाहिलं आणि पेटी रस्त्यातच खाली ठेवली. मला वाटलं, हसतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आमी तिकडं लय गावं पडलेली बघितली. बाँबनं पडलेली. हितं कुनी टाकला बाँब?"

मी म्हटलं, "कुनी न्हाई. चला, आत्याबाई वाट बघत्यात."

यजमानांना सांगलीला हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडं काम मिळण्यासारखं होतं, पलटणीतल्या मित्राच्या ओळखीनं. घरात बोलणं निघालं तेव्हा मला भीती होती ती मामंजींची. वखार सोडून ते कसे येतील? पण ते म्हणाले, "कवा निघायचं?" एवढंच. नको म्हणाल्या त्या आत्याबाई. भिंतीवर अजून काही किल्ल्या होत्या, ज्यांचे मालक आलेच नव्हते. ते आले आणि दारात कुणी नसलं तर? माझ्या नवऱ्यानं समजावलं, मामंजींनी समजावलं. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसून राहिल्या. मी त्या वेळी गरोदर होते. मी काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, "आत्याबाई, मला हितं बाळंत व्हायचं न्हाई. शेजारी बाई पायजे." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी उरलेल्या किल्ल्या, कुठली कुणाची ते सांगत सांगत, त्यांनी देवळातल्या गुरवाच्या हवाली केल्या.

आमचं घरही ठेकेदारानं घेतलं. आत्याबाईंची एकच अट होती, आमचा पडाव वळणाआड गेल्याशिवाय छपराला हात लावायचा नाही. ठेकेदारानं ती पाळली. पडावात त्या खाडीकडे पाठ करून बसल्या आणि वळण येईपर्यंत माझ्याशी बाळंतपणाच्या डिंकाच्या लाडवांबद्दल बोलत राहिल्या.

सांगलीत आम्हाला पेठेजवळ दोन खोल्या मिळाल्या. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं. हळदीची धूळ इतकी, की धुतलेलं पांढरं धोतर वाळेपर्यंत पिवळं व्हायचं. मामंजींना तर नवं वारंच लागलं. कर्नाटकातून हळद घेऊन येणाऱ्या गाडीवानांशी ते तोडकंमोडकं कानडी बोलायला शिकले आणि सौद्याच्या वेळी फेटा बांधून हजर राहू लागले, कुणी बोलावलेलं नसताना. माझा मुलगा तिथंच झाला. शेजारच्या चार बायका रात्रभर उशाशी होत्या, आणि आत्याबाई त्या चौघींवर हुकूम सोडत होत्या.

आत्याबाईंना मात्र पहिले सहाआठ महिने झोप लागायची नाही. म्हणायच्या, लय गलका. मग सवय झाली. दुपारी त्या दारात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, कुठल्या गावचं तुमी? कुणी चिपळुणाकडचं निघालं की त्याला पाणी द्यायच्या, गूळ द्यायच्या, इकडचंतिकडचं विचारायच्या. बंदराचं नाव मात्र काढायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, पोराला समुद्र दाखवून आणू. त्या म्हणाल्या, "दाखव की. दुसरीकडचा."

पुढं कधीतरी माझे यजमान पेठेच्या कामानं चिपळुणापर्यंत गेले होते, ते मुद्दाम खाली बंदरावर जाऊन आले. आले त्या दिवशी आत्याबाई नातवाला घेऊन नदीच्या घाटावर गेल्या होत्या. मी विचारलं, "काय हाय तितं?"

"धक्का हाय. कोळणी मासळी वाळत घालत्यात त्याच्यावर. लय माणसं हुती, सुक्याचा बाजार भरतोय आता."

"आन आपलं घर?"

"जोत्यावर बोर उगवलीय. हिरवी बोरं लागल्यात." त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "च्या टाक जरा. मोटारीनं अंग मोडून आलंय."

मी चहा टाकला.